पोचट नव्हत्या हो त्या!

बालमित्रांनो, एक कोडं घालते. फूल एकच, पण त्याच्या पोटात बिया दोन तऱ्हेच्या. ओळखा पाहू!

नाही ओळखलंत? त्याचं नाव डायमॉर्फोथेका. जीभ अडखळली ना? पण नावातच कोड्याचं उत्तर आहे. ग्रीक भाषेत ‘डाय’ म्हणजे दोन अन् ‘मॉर्फ’ म्हणजे रूप. सूर्यफूल, झेंडू, शेवंती ही याची भावंडं.

याचं घर दक्षिण आफ्रिकेत, नामाक्वालँड नावाच्या रुक्ष मुलखात. तिथं वर्षाला जेमतेम दीडशे-दोनशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक हिवाळ्यात. आणि त्यांचा हिवाळा म्हणजे आपला जून ते ऑगस्ट! पाऊस बरा झाला, की ऑगस्ट-सप्टेंबरात रानभर नारिंगी गालिचा पसरतो. ही फुलं सूर्याकडे तोंड करून उमलतात. ढग आले की मिटतात. म्हणून बघायला जाणारे लोक सूर्य पाठीशी ठेवतात, म्हणजे फुलांचे चेहरे दिसतात.

आमच्या शाळेत एका हिवाळ्यात आम्ही याची पुडी आणून लावली. छान फुलली. मार्चमध्ये वाळलेली बोंडं वर्तमानपत्रावर चोळली, तर काही बिया चपट्या, कागदासारखा पंख असलेल्या. काही बारीक, खरबरीत, काडीसारख्या. मी म्हटलं, “या काड्या पोचट दिसतात. पाखडून टाका.”

चौथीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, मी ठेवू?”

“ठेव बापडी,” म्हणून मी विसरून गेले.

पुढच्या वर्षी मला कोण घाई! सप्टेंबरअखेरच चपट्या बिया पेरल्या. आठ-दहा दिवसांत वाफा हिरवागार. पण परतीचा पाऊस आला, वाफ्यात पाणी साचलं आणि सगळी रोपं कुजली. मुलांची तोंडं एवढीशी झाली. तेव्हा ती मुलगी काडेपेटी घेऊन आली. आत त्याच काड्या! दिवाळीनंतर आम्ही वीस पेरल्या. एक उगवली, मग बऱ्याच दिवसांनी दुसरी. अशा सहा उगवल्या, अन् सहाही फुलल्या. मी वर्गात सांगितलं, “चूक माझी होती. त्या पोचट नव्हत्या.”

मग मी पुस्तकं चाळली. आपण जिला पाकळी म्हणतो, ती एक छोटं फूलच असते. काठच्या अशा फुलांना काडीसारख्या बिया धरतात, मधल्या बारीक फुलांना चपट्या. चपट्या बिया वाऱ्यावर उडतात आणि ओल मिळाली की बऱ्याचशा लवकर रुजतात. काड्या मात्र सावध! पहिल्या सरीवर त्या विश्वास ठेवत नाहीत. वाळवंटात एक सर पडून पाऊस दडी मारतो, घाई केलेली रोपं वाळतात. तेव्हा जमिनीत थांबलेल्या बियाच पुढे रान फुलवतात.

तुम्हीही लावून बघा. पाऊस पूर्ण थांबला की दिवाळीच्या सुमारास सुरुवात करा. तळाला भोक असलेली मातीची कुंडी घ्या. निम्मी माती, निम्मी वाळू, मूठभर कुजलेलं शेणखत. बी वर पसरून पाव इंच मातीनं झाका. उगवेपर्यंत माती ओलसर ठेवा. रोपं वाढली की दोन रोपांत एक वीत अंतर राहील अशी विरळणी करा. मग वरची माती सुकली तरच पाणी घाला. खत जास्त झालं तर पानंच माजतील. कुंडी दिवसभर उन्हात हवी, सावलीत फुलं उघडत नाहीत. दोन-अडीच महिन्यांत फूटभर उंचीच्या रोपांवर नारिंगी, पिवळी, पांढरी फुलं येतील.

हंगाम संपताना काही फुलं झाडावरच वाळू द्या. बिया काढा, दोन ढीग करा, वेगवेगळ्या पेरा अन् कुठली कधी उगवली ते वहीत लिहा. आणि हो, काडीच्या कुंडीत काहीच दिसलं नाही, तर ती लगेच उलटी करू नका. माझ्यासारखी घाई नको!

– तुमच्या बाई