दूध आईचे, निवाडा शेजाऱ्यांचा

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या दिल्लीतील सरकारी वसाहतीमधल्या मराठी बायका जमल्या होत्या. एक शेजारीण तान्ह्या मुलाला पाजण्यासाठी आतल्या खोलीत गेली आणि बाहेर कुजबूज सुरू झाली. हिने लग्नापूर्वी वक्षवर्धनाची शस्त्रक्रिया करून घेतली होती, ही वार्ता कोठून तरी फुटली होती. "अहो, ते सिलिकोन दुधातून बाळाच्या पोटात जात असेल!" एक काकू म्हणाल्या. दुसरीने लगेच डब्यातील भुकटीचे नाव सुचविले. पंधरा दिवसांत त्या मुलीने अंगावर पाजणे सोडले. पुराव्यावाचून फाईलवर शेरा मारू नये, हे कचेरीत शिकलेल्या आपल्याच घरांत असा निवाडा व्हावा, याचे मला अधिक दुःख वाटते.

पुरावा काय सांगतो? १९९८ साली कॅनडातील टोरांटो येथील संशोधकांनी अशी शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या मातांचे दूध तपासले. सिलिकोनमधील सिलिकॉन या मूलद्रव्याचे प्रमाण दोहोंत जवळजवळ सारखेच आढळले. गाईच्या दुधात ते दसपटीहून अधिक होते आणि बाळांसाठीच्या डब्यातील दुधात त्याहूनही पुष्कळ अधिक! म्हणजे ज्याचे भय घातले, ते ज्या डब्याची शिफारस झाली त्यातच जास्त होते. त्या प्रमाणानेही बाळाला अपाय होतो असे नव्हे. पण भयाचा पायाच किती पोकळ होता, हे त्यावरून दिसते.

खरा प्रश्न विषाचा नसून सुरीचा आहे. कृत्रिम पिशवी दूधग्रंथींच्या मागे, किंवा छातीच्या स्नायूखाली बसवितात. त्यामुळे पुष्कळ स्त्रियांना पुढे स्तनपान करता येते. परंतु स्तनाग्राभोवतालच्या काळसर वर्तुळाच्या कडेने छेद घेतल्यास दुधाच्या नलिका आणि दूध उतरण्याची सूचना मेंदूकडे नेणारे मज्जातंतू दुखावण्याचा संभव वाढतो. स्तनाखालच्या घडीतून छेद घेतल्यास तो कमी असतो. तेव्हा 'पुढे मूल झाल्यास अंगावर पाजण्याची इच्छा आहे काय?' हा प्रश्न सुरी हाती घेण्यापूर्वीच विचारला गेला पाहिजे. आमच्या शेजारणीला तो कोणीही विचारला नव्हता.

हा काही सौजन्याचा भाग नव्हे. समीरा कोहली यांच्या दिल्लीतीलच खटल्यात केवळ तपासणीसाठी संमती दिलेल्या रुग्णाचे गर्भाशय, ती बेशुद्ध असताना, तिच्या आईच्या संमतीवर काढून टाकले होते. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती संमती अमान्य केली. उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय समजावून मगच रुग्णाची संमती घ्यावी, असे बजावले. सौंदर्यासाठी येणारी स्त्री या नियमातून वगळलेली नाही.

कोणी म्हणतील, "एवढा सोस तिला सांगितला कोणी?" कोणाला उपजत विषमता असते, कोणाला केवळ हौस असते, तो तिचा प्रश्न आहे. पण त्या हौसेचा दंड तान्ह्या बाळाने का भरावा? दूध पुरते की नाही, हे आईचा पूर्वेतिहास सांगत नाही. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा अधिक लंगोट ओले होतात का आणि वजन वाढते का, हे पाहावे. कमी पडल्यास बालरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने वरचे दूध जोडावे. त्यात लाज कसली?

भारत सरकारने १९९२ च्या कायद्याने अशा डब्यांच्या जाहिरातीस बंदी घातली. कंपन्यांना जे करता येत नाही, ते आपण हळदीकुंकवाच्या निमित्ताने फुकट करीत आहोत. वाण लुटावे, भय लुटू नये.