कांद्याच्या मानेत बघणारा पदार्थ

कांद्याची सड पुष्कळदा मानेतून शिरते. काढणीच्या वेळी मान नीट मिटली नाही किंवा पात वाळायच्या आत पाऊस लागला, की जिवाणू तिथून खाली उतरतो आणि आतली एखादी पाकळी चिकट करून टाकतो. वरची पत्ती मात्र झकास. आमच्या पारनेर तालुक्यातल्या घरी ऑगस्टात कांद्याची चाळ फोडली की जाऊबाई एकेक कांदा उचलतात, मानेवर अंगठा दाबतात, नाकाशी नेतात आणि गोणीत तरी टाकतात नाहीतर बाजूच्या ढिगावर. थोड्या वेळाने नाक काही सांगेनासं होतं. मग नुसत्या अंगठ्यावर निवड चालते आणि गोणीत दोन-चार सडके जातातच. नेप्तीच्या उपबाजारात व्यापारी गोणी ओततो, हाताला लागेल तो कांदा फोडतो, आणि तो नेमका सडका निघाला की सगळ्या वक्कलाचा भाव उतरतो. चार-सहा महिन्यांच्या साठवणीत वजनातली घट, कोंब आणि सड धरून ३० ते ४० टक्के माल जातो, असं सांगितलं जातं. उन्हाळी कांद्यावर वर्षाचा हिशेब मांडणाऱ्या घरात हा आकडा कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

मी जन्मभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. त्यामुळे सेमीकंडक्टरवरची भाषणं सुरू झाली की माझी चिडचिड होते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६,००० कोटींची योजना जाहीर केली. साणंद, ढोलेरा, आसाम ही चिप-कारखान्यांची ठिकाणं आता स्पर्धा परीक्षेच्या पोरांना पाठ आहेत. चांगलंच आहे. योजनेत संयुग अर्धवाहकांसाठी आणि सेन्सरसाठीही कलम आहे, हे मान्य. पण चर्चा सगळी सिलिकॉनची, आणि कांद्याच्या मानेपुढे सिलिकॉन जवळजवळ आंधळं आहे.

कारण सोपं आहे. सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन सुटायला १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. प्रकाशाची लहर लांबली की ऊर्जा घटते, म्हणून १,१०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश सिलिकॉनमधून आरपार निघून जातो. मोबाइलचा कॅमेरा याच सिलिकॉनचा. पाणी मात्र स्वतःची ठळक खूण त्याच्या पलीकडे ठेवतं: १,४५० नॅनोमीटरच्या आसपास ते प्रकाश गिळतं, १,९४० ला तर त्याहून जोरात. वाळलेली मान आणि आतून पाणी सुटलेली मान डोळ्याला सारखीच दिसते, पण १,४५० ला बघितलं की दुसरी काळी पडते. अमेरिकेत जॉर्जिया राज्य गोड कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी याच पट्ट्यातल्या कॅमेऱ्याने आंबट सडीचे कांदे वेगळे काढून दाखवले. फरक ठळक दिसला तो मानेजवळ, जाऊबाईंचा अंगठा पडतो तिथेच.

सिलिकॉनवाले म्हणतील, ९७० ला पण पाणी दिसतं की. दिसतं, आणि फळांची गोडी मोजणारी हातातली यंत्रं त्या भागात चालतातही. पण तिथली खूण फिकी आहे. उलट बाजूही सांगते: १,४५० चा प्रकाश ओल्या गरात काही मिलिमीटरच शिरतो. कांद्याच्या गाभ्यापर्यंत सगळं दाखवतो असं कुणी म्हणत असेल, तर तो यंत्र विकायला आलाय असं समजावं. आणि लष्कराच्या के. के. रेंज या सराव-मैदानामुळे नगरकर ज्या थर्मल कॅमेऱ्यांबद्दल ऐकून आहेत ते वेगळे. ते वस्तूतून निघणारी उष्णता बघतात, बहुधा ८ ते १२ मायक्रोमीटरची. इथे आपण उजेड टाकायचा आणि परत आलेला मोजायचा.

आता तो मोजायचा पदार्थ. गॅलियम आर्सेनाइडला १.४२ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, इंडियम आर्सेनाइडला ०.३६. दोन्ही मिसळले की मधली हवी ती ऊर्जा मिळवता येते. इंडियम ५३ टक्के, गॅलियम ४७ टक्के धरलं तर ०.७५ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे सुमारे १,७०० नॅनोमीटरपर्यंतची नजर. हे ५३ कुठून आलं? हा थर ज्या इंडियम फॉस्फाइडच्या चकतीवर वाढवतात, तिच्या अणूंमधलं अंतर नेमकं याच मिश्रणाशी जुळतं. १,९४० गाठायला इंडियम वाढवावं तर अंतर बिघडतं. एका मापाच्या विटांवर दुसऱ्या मापाच्या विटा रचल्यावर भिंतीत भेगा पडतात, तसे स्फटिकात दोष पडतात. त्या दोषांतून अंधारातही विद्युतप्रवाह गळत राहतो आणि खरी खूण त्या गळतीत बुडते. तापमान साधारण दहा अंश वाढलं की ही गळती दुपटीच्या घरात जाते. प्रयोगशाळेतले आकडे बहुधा खोलीच्या तापमानाचे असतात. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात काय असतं ते कुणी विचारलेलं नाही.

गंमत म्हणजे हा पदार्थ परग्रहावरचा नाही. घरात फायबरचं इंटरनेट असेल तर भिंतीवरच्या त्या डब्यात प्रकाश टिपणारा डायोड सहसा याच इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा असतो. सुटा डायोड स्वस्त आहे. महाग होतो तो कॅमेरा, कारण हजारो बारीक डायोड शेजारीशेजारी बनवायचे, खराब निघालेले अगदी थोडेच चालतात, आणि प्रत्येकाला इंडियमच्या थेंबाने खालच्या सिलिकॉन चिपशी सांधायचं. सोनीने २०२० मध्ये हे सांधणं तांब्याने करून पिक्सेल ५ मायक्रोमीटरवर आणला. तरी तो कॅमेरा आमच्यासारख्याच्या चाळीत येण्याच्या किमतीचा नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की कांद्यासाठी कॅमेऱ्याच्या मागे आत्ता लागूच नका. सुटे डायोड घ्या, तीन-चार निवडक लहरींचे दिवे लावा, मानेवर टेकवायचं यंत्र करा. ते आज जमण्यासारखं आहे. कॅमेऱ्याचा पैसा लावा तो पदार्थ घडवण्यावर. या मिश्र स्फटिकाऐवजी लेड सल्फाइडचे नॅनो आकाराचे कण घेतले तर कणाचा आकार बदलून नजरेची हद्द बदलते, आणि ते द्रावणातून थेट सिलिकॉनवर पसरता येतात; सांधणीचा सगळा खटाटोप वाचतो. अशा कणांच्या, म्हणजे क्वांटम डॉट्सच्या, शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. लेड सल्फाइड म्हणजे गॅलेना. त्याच्या स्फटिकाच्या डिटेक्टरचं अमेरिकी पेटंट जगदीशचंद्र बोस यांना १९०४ मध्ये मिळालं होतं. खाण्याच्या मालाजवळ शिसं नको, ही हरकत रास्त आहे. त्यासाठी इंडियम आर्सेनाइडचे कण करून बघायचं काम जगात चालू आहे. ते आपल्याकडेही व्हावं.

माणसं कुठून आणायची, हा प्रश्न मला मान्य नाही. मुंबईत टीआयएफआर आणि आयआयटी या संस्थांत असे थर वाढवणारी आणि क्वांटम डॉट्सवर काम करणारी मंडळी आहेत. राहुरीत महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, ज्याने कांद्याचे वाण दिले. या दोघांची गाठ घालून द्यायला कुणी नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून गॅमा किरणांचं केंद्र उभं केलं, त्याला वीसहून अधिक वर्षं झाली. अणुऊर्जा खातं कांद्याच्या बाजारात येऊ शकतं, तर ती ७६,००० कोटींची योजना चालवणाऱ्या सेमीकंडक्टर मिशनला काय धाड भरली?

निवडणाऱ्या बायकांची मजुरी जाईल, असं मला एका बैठकीत ऐकवलं गेलं. जाऊबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘मान बघायला यंत्र द्या, बाकी गोल्टी, जोड, मोठा वेगळा करायला माणूस लागतोच की वहिनी.’’

निविदा निघालीच तर त्यात दोन अटी घाला. यंत्र ४५ अंशांत, धुळीत, वीज ये-जा करत असताना चाललं पाहिजे. आणि चाचणी ऑगस्टात, चाळीतल्या दमट मालावर घ्या. जानेवारीत बाजारात ताजा लाल कांदा असतो, त्याच्यावर कुठलंही यंत्र पास होतं.