अंगणातील सूत्रकृमी : विषापूर्वी मूळ पाहावे

देहू गावी ज्या घरासमोर तुळस नाही असे घर विरळाच. पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखानदारीबरोबर इंद्रायणीकाठच्या या परिसरात शेतजमिनींवर नवी घरे उभी राहिली व तुळशीच्या जोडीस हिरवळ, गुलाब आणि चार टोमॅटो-वांग्यांची रोपे आली. ही गोष्ट आनंदाचीच होय. तथापि रोप खुरटले, पाने पिवळी पडली, ओल असूनही भर दुपारी झाड माना टाकू लागले, की प्रथम पाणी वाढवावयाचे, मग खत द्यावयाचे व अखेरीस दाणेदार विष आणून मातीत मिसळावयाचे, ही रीत सर्वथा अनुचित होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दोष पुष्कळदा मुळाशी असतो. मूळगाठ सूत्रकृमीचे पिल्लू अर्धा मिलिमीटरही लांब नसते. ते कोवळ्या मुळात शिरून अन्नरस शोषते व मुळावर गाठी येतात. एक मादी २०० ते ५०० अंडी घालते व उबदार जमिनीत सुमारे महिन्याभरात नवी पिढी तयार होते. टोमॅटो, वांगी, भेंडी व काकडी यांप्रमाणे तुळसही या किडीस बळी पडते.

याकरिता एक रोगट रोप खुरप्याने अलगद उकरून त्याची मुळे धुवून पाहावीत. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मुळाचाच फुगवटा. ती सुटी होत नाही. चवळी, घेवड्याच्या मुळांवरील उपकारक जिवाणूंच्या गाठी मात्र बोटाने सहज निघतात व आतून गुलाबी असतात. त्यांस रोग समजू नये. हिरवळीत गाठी बहुधा स्पष्ट दिसत नाहीत. तेथे पिवळे चट्टे व आखूड, काळपट मुळे आढळल्यास मुळांसह मातीचा नमुना कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा.

विषाचा इतिहास बोधप्रद आहे. ‘नेमॅगॉन’ या नावाने विकले जाणारे द्रव्य एके काळी सूत्रकृमींवर रामबाण मानले जाई. १९७७ साली कॅलिफोर्नियात ते बनविणाऱ्या कामगारांत वंध्यत्व आढळून आले. आपल्या देशात फोरेटचा वापर २०२० अखेर बंद करण्यात आला. ज्या अंगणात मुले खेळतात व जेथील तुळशीचे पान तीर्थात पडते, तेथे असली द्रव्ये आणणे कितपत शहाणपणाचे?

त्यापेक्षा पुढील उपाय हितावह होत. रोगट रोपे मुळांसकट काढून जाळावीत. ती खतखड्ड्यात टाकू नयेत. एप्रिल-मे महिन्यांत वाफा भिजवून पारदर्शक प्लॅस्टिकने चार ते सहा आठवडे झाकावा व कडा मातीने दाबाव्यात. लागवडीपूर्वी चौरस मीटरला सुमारे २०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळावी. बाधित वाफ्यात दोन-तीन महिने झेंडू दाट लावावा. केवळ कडेला चार झाडे लावून भागत नाही. तुळस नव्या कुंडीत, स्वच्छ मातीत, निरोगी रोपापासून लावावी.

हे उपाय सूत्रकृमींचा समूळ नाश करीत नाहीत, त्यांची संख्या आटोक्यात ठेवतात. किडीचा प्रवेश मात्र बहुधा विकतच्या रोपांतून व भरावासाठी आणलेल्या शेतमातीतून होतो. म्हणून रोपवाटिकेत फुले पाहण्याआधी पिशवी उघडून मुळे दाखविण्याचा आग्रह प्रत्येक गृहस्थाने अवश्य धरावा.