घड्याळ मागे, सेहरी पुढे



गोष्ट रमजानमधली आहे. स्वारगेटजवळच्या आमच्या घरात भाच्याने जुन्या टीव्हीला रॅस्पबेरी पाय जोडून नमाजच्या वेळांचा फलक केला आहे. हा तळहाताएवढा लिनक्स संगणक वेळांचा हिशेब स्वतःच करतो. अम्मीला मोबाईलवरचे बारीक आकडे दिसत नाहीत, म्हणून तिचा सारा भरवसा या फलकावर.

त्या रात्री अर्धा तास वीज गेली. वीज आली, फलक सुरू झाला, इंटरनेट मात्र आले नाही. सेहरीला बसलो तेव्हा फलकावर चाळीस मिनिटे शिल्लक होती. अम्मीच्या हातात घास होता आणि समोरचे चाचा मशिदीकडे निघालेले दिसले. म्हणाले, "बेटा, अजान होऊन गेली." अम्मीने घास खाली ठेवला. दिवसभर तिने काही खाल्ले नाही आणि ईदनंतर एक कजा रोजा ठेवला. भाच्याला ती एक शब्दही बोलली नाही. त्याला तेच जास्त लागले.

चूक कुठे झाली? आपल्या साध्या संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो. संगणक बंद असतानाही त्यावर घड्याळ चालू राहते. रॅस्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या बोर्डांवर असे घड्याळच नाही. पाचव्या पिढीत आहे, पण त्याला सेल वेगळा जोडावा लागतो. वीज गेली की बोर्डाला वेळेचा पत्ता नसतो. पुन्हा सुरू होताना तो डिस्कवर शेवटची नोंदलेली वेळ उचलतो आणि तिथून पुढे मोजू लागतो. मग इंटरनेटवरच्या वेळ-सर्व्हरला विचारून दुरुस्ती करतो. आमच्याकडे शेवटची नोंद वीज जाण्याच्या पाव तास आधीची होती. तो पाव तास आणि विजेचा अर्धा तास मिळून फलक पाऊण तास मागे पडला. इंटरनेट नसल्याने दुरुस्तीही झाली नाही.

आपल्याकडे असे यंत्र असेल तर तपासणी या क्रमाने करावी.

पहिले, फरक किती आहे ते पाहा. बरोबर साडेपाच तासांनी घड्याळ मागे असेल तर दोष घड्याळाचा नाही. यंत्र ग्रीनिचची वेळ दाखवत आहे. पुण्यात सूर्य साधारण साडेबाराच्या आसपास माथ्यावर येतो, तेव्हा असा फलक सकाळचे सात दाखवील. सेटिंगमध्ये टाइमझोन 'एशिया/कोलकाता' करावा, काम संपले.

दुसरे, 'टाइमडेटसीटीएल' ही आज्ञा द्या (टाइप इंग्रजी अक्षरांत करायची). वेळ, टाइमझोन आणि घड्याळ इंटरनेटशी जुळले आहे की नाही, हे तिन्ही दिसते. 'नाही' असेल आणि वेळ जुळवणारी सेवाच बंद असेल, तर याच आज्ञेपुढे 'सेट-एनटीपी ट्रू' लिहून ती सुरू करावी.

तिसरे, सेवा सुरू आहे, वेबसाइट उघडतात, तरी वेळ जुळत नाही? वेळेची विचारपूस यूडीपीच्या 123 क्रमांकाच्या पोर्टवरून होते. काही वसतिगृहे आणि कार्यालयांच्या नेटवर्कवर ते बंद ठेवलेले असते. उलटाही प्रकार होतो. घड्याळ काही महिने मागे असेल तर सुरक्षित वेबसाइट 'प्रमाणपत्र अजून लागू नाही' म्हणून उघडत नाहीत. माणूस राउटर तपासत बसतो आणि दोष तारखेत असतो.

चौथे आणि कायमचे, बोर्डाला घड्याळ द्या. तपकीर गल्लीत 'डीएस-3231' नावाचे छोटे मॉड्यूल मागावे. सेलवर चालणारे हे घड्याळ वर्षाला साधारण मिनिटभरच चुकते. घेताना एक काळजी घ्यावी. काही मॉड्यूलवर सेल चार्ज करणारे सर्किट असते. त्यात चार्ज न होणारा साधा सेल घालणे धोक्याचे. चार्जिंग सर्किट नसलेलेच मागावे. जोडणी चारच तारांची आहे: 3.3 व्होल्ट, ग्राउंड, एसडीए आणि एससीएल. मग आयटूसी सुरू करायचे, 'कॉन्फिग' फाइलमध्ये मॉड्यूलची एक ओळ घालायची, जुनी 'फेक-एचडब्ल्यूक्लॉक' सोय काढायची आणि बरोबर वेळ एकदा मॉड्यूलमध्ये लिहायची.

पाचवे, परीक्षा घ्या. इंटरनेट काढा, यंत्र रीतसर बंद करून वीज काढा, दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा सुरू करा. भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ जुळली तरच काम झाले समजावे. ही परीक्षा शाबानमध्येच घ्यावी, रमजानच्या रात्री नव्हे.

भाच्याने आणखी एक बदल केला, तो मला सर्वांत आवडला. आता मॉड्यूलमधून किंवा इंटरनेटवरून वेळेची खात्री होईपर्यंत फलक एकही वेळ दाखवत नाही. पडद्यावर मोठ्या अक्षरांत एवढेच येते: 'वेळ तपासलेली नाही, घड्याळ पाहा.' नानीला वाचता येईल एवढी मोठी अक्षरे त्याने मुद्दाम ठेवली आहेत.

फलकाशेजारी अम्मीने सेलवर चालणारे साधे भिंतीवरचे घड्याळही लावून घेतले आहे. ते काढा असे आम्ही कोणी तिला म्हणत नाही.