बाजारगावातील सोळा बायका



इंग्लंड म्हटले की आपल्याला लंडन आठवते. परंतु देश ओळखायचा असेल तर त्याचे बाजाराचे गाव पाहावे, असे आम्हांस वाटते. ऑक्सफर्ड परगण्यातील चिपिंग नॉर्टन हे असेच गाव. ‘चिपिंग’ म्हणजे जुन्या इंग्रजीत बाजार. १२०४ साली जॉन राजाने येथे जत्रेची सनद दिली. आसपासच्या टेकड्यांवर मेंढरे चरत आणि त्यांच्या लोकरीवर व्यापारी गबर होत. गावचे मोठे चर्च त्याच पैशातून सजले. पुढे लोकरी कापडाची ब्लिस गिरणी आली. १८७२ साली ती जळाली, पुन्हा उभी राहिली.

गावाची ही श्रीमंती सर्वांना दिसते. पण शेतमजुरांच्या घरात काय होते?

१८७२ साली जोसेफ आर्च या शेतमजुराच्या पुढाकाराने मजुरांची राष्ट्रीय युनियन स्थापन झाली. १८७३ साली जवळच्या ॲस्कॉट खेड्यात मजुरांनी मजुरीवाढीसाठी काम बंद केले. शेतमालकाने बाहेरगावचे मजूर आणले. तेव्हा गावच्या बायका त्यांना अडवायला, युनियनमध्ये या म्हणून सांगायला गेल्या. एवढाच त्यांचा गुन्हा! त्यांच्यावर खटला भरला तो याच चिपिंग नॉर्टनमध्ये. न्यायासनावर बसले होते दोन धर्मोपदेशक. त्यांनी सोळा बायकांना सात ते दहा दिवसांची सक्तमजुरी ठोठावली. काहींच्या कडेवर तान्ही मुले होती.

ही बातमी पसरताच बाजारगाव खवळले. पोलीस ठाण्याच्या खिडक्या फुटल्या. रातोरात गाडीत घालून बायकांना ऑक्सफर्डच्या तुरुंगात नेले. देशभर ओरड झाली. ज्या १८७१ च्या कायद्याने त्यांना शिक्षा झाली, तो १८७५ साली रद्द झाला आणि शांततेने संपकाम्यांची बाजू मांडण्याची मोकळीक मिळाली.

आज ब्लिस गिरणीचा भोंगा वाजत नाही. १९८० साली ती बंद पडली, आता तिच्या इमारतीत राहण्याचे फ्लॅट आहेत. लोकरीचे व्यापारीही गेले. पण ॲस्कॉटच्या हिरवळीवर झाडाभोवती बाके आहेत, ती त्या सोळा जणींच्या स्मरणार्थ.

माताभगिनींनो, त्या बायकांजवळ ना पैसा होता, ना मत देण्याचा अधिकार. एकजूट मात्र होती. सनद राजाने दिली, हे इतिहासात ठळक लिहिले जाते. हक्क कोणी मिळवून दिला, हे आपणच मुलांना सांगितले पाहिजे.