फाटक अटारीला, फटका काटेवाडीला



फराळाच्या यादीत हिंगाची डबी सगळ्यात छोटी असते. त्या हिंगाचा चीक बहुतांशी अफगाणिस्तानातून येतो; अंजीर आणि जर्दाळूही तिकडूनच. हा माल पाकिस्तानातून अटारीच्या सीमेवर यायचा. पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ ला भारताने अटारीचे ते फाटक लावले. दुसऱ्याच दिवशी पाकिस्तानने तिसऱ्या देशांचा मालही अडवला. वाटेत अडकलेल्या सुमारे १६० अफगाण ट्रकांना मे महिन्यात खास परवानगी द्यावी लागली. त्या अफगाण बागायतदाराचे आपल्याशी काही भांडण नव्हते.

पूर्वेकडे तर आणखी गंमत. बांगलादेशाने त्याच एप्रिलमध्ये भारतीय सूत जमिनीच्या वाटेने घ्यायचे थांबवले. १७ मे रोजी आपण त्यांच्या तयार कपड्यांना न्हावाशेवा आणि कोलकाता ही दोनच बंदरे ठेवली. जूनअखेर, आमच्याकडे पालखीची धामधूम असतानाच, त्यांच्या तागाच्या बऱ्याचशा मालाला एकटे न्हावाशेवा उरले. नकाशावर बोटाने रेघ ओढून पाहा. बांगलादेशातल्या बेनापोलहून आपल्या पेट्रापोलला तागाचा जो माल नुसता फाटक ओलांडून येत होता, तो श्रीलंकेला वळसा घालून उरणला उतरायचा आणि कोलकात्याला हवा असेल तर अख्खा देश पुन्हा ओलांडायचा. डिझेलचे पैसे कोण देणार? तिकडचा गिरणीवाला, इकडचा ग्राहक आणि दोन्हीकडचे हमाल.

आपल्या बारामती-इंदापूर तालुक्यांना या खेळाची सवय आहे. इंदापूर तालुक्यातल्या बोरीची द्राक्षे युरोपला जातात. नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात हूती बंडखोरांचे हल्ले सुरू झाले आणि बहुतेक कंटेनर जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, कंटेनरचे भाडे भडकले. ना ती आपली सीमा, ना ते आपले युद्ध. पण व्यापारी बागेत येतो, घड हातात घेतो, मण्याची फुगवण बघतो, गोडी तपासतो, सगळे पसंत पडते. आणि मग भाड्याचा विषय काढून दर पाडतो. माल वेलीवर, हात दगडाखाली. शेतकरी हो म्हणतो. हा अंक हाती पडेपर्यंत छाटण्या उरकत आल्या असतील. औषधे, मजुरी, खते यांचा पैसा आत्ता घालायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणता समुद्र मोकळा असेल, हे देवालाच ठाऊक.

बारामती तालुक्यातल्या काटेवाडीच्या पवार घराण्यातले शरद पवार १९९१ ते १९९३ देशाचे संरक्षणमंत्री होते आणि २००४ ते २०१४ कृषिमंत्री. दोन्ही खाती एकाच माणसाने सांभाळलेली. दिल्लीत मात्र एका खात्याच्या निर्णयाचा खर्च दुसऱ्याच्या वहीत मांडायची रीत नाही.

सीमा बंद करूच नये, असे आम्ही म्हणत नाही. पहलगामला २६ माणसे मारली गेली. त्यानंतर फाटक लावले म्हणून कोणी नाक मुरडू नये. पण निर्णय साऱ्या देशाच्या नावाने घ्यायचा आणि वर्गणी अटारीचा हमाल, कंदाहारचा माळी यांच्याकडून वसूल करायची, हा न्याय नव्हे. शेजारी कंगाल झाला की आपले गिऱ्हाईकही जाते, हे तर कुठलाही आडत्या सांगेल.

मागणी साधी आहे. सीमा किंवा बंदर बंद करणारी अधिसूचना निघेल, तेव्हा वाढीव भाड्याचा आणि बुडालेल्या रोजगाराचा भार कोण उचलणार, हे त्याच कागदावर लिहिलेले असावे. दिवाळीच्या भेटीगाठींत आमदार-खासदार दारी येतीलच. फराळाची बशी पुढे करताना त्यांना एवढे जरूर विचारा.