स्किमरचा कान पिळणं बंद करा

मंडळी, या वीकांताचा विषय फार थोड्या लोकांच्या कामाचा आहे. पण त्या थोड्या लोकांनी अस्मादिकांचं डोकं इतकं खाल्लंय, की एकदा लिहून मोकळं व्हावं म्हणतो. विषय आहे घरातला रीफ टँक आणि त्याचा प्रोटीन स्किमर.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: खाऱ्या पाण्याचा टँक, त्यात जिवंत प्रवाळ, एखादी क्लाऊनफिशची जोडी. खाली कपाटात दुसरी टाकी असते, तिला संप म्हणतात. त्या संपात एक उभं नळकांडं घुरघुरत असतं, तो स्किमर. त्याचा पंप हवा आणि पाणी एकत्र घुसळतो, बारीक बुडबुड्यांचा फेस होतो, पाण्यातला सेंद्रिय मळ बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि फेस मानेतून वर चढून कपात पडतो. ताक घुसळून लोणी काढण्यातलाच प्रकार. फक्त हे लोणी पाहुण्यांना हुंगायला देऊ नये. :-)

आता या नळकांड्याला एक वॉल्व्ह असतो. तो आवळला की आतली पाण्याची पातळी चढते, सैल केला की उतरते. सगळं घोडं इथेच पेंड खातं. हपिसातून माणूस घरी येतो, बूट काढायच्या आधी कपाट उघडतो आणि कपात डोकावतो. कप रिकामा? आवळ वॉल्व्ह. कप पातळ पाण्याने भरलाय? सोड वॉल्व्ह. जेवणानंतर परत एक फेरी. हे रोज! आणि दुकानदार याला खतपाणी घालतात. 'माल काळाकुट्ट निघाला पाहिजे साहेब, रोज कप भरला पाहिजे' हे वाक्य मी किमान चार दुकानांत ऐकलंय. माझं म्हणणं असं, की या छंदातली ही सगळ्यात वाईट सवय आहे, आणि तिची किंमत कपाट उघडणारा मोजत नाही, टँकमधले जीव मोजतात.

इंजिनिअरिंगला कंट्रोल सिस्टिम नावाचा पेपर आपण सगळ्यांनी कसाबसा काढलाय. त्यातली एकच गोष्ट आठवा: ज्या यंत्रणेत कृती आणि परिणाम यांत वेळ जातो, तिथे उतावळेपणा केला की ती हेलकावे खायला लागते. गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी खाली बाथरूममध्ये यायला वेळ लागतो. तेवढ्यात तुम्ही गार पाण्याचा नळ बंद करता, आणि मग जी पाठ भाजते ती भाजते. स्किमर याहून कितीतरी मंद. आतली पातळी लगेच बदलते, पण फेस बसायला तास नाही, कधीकधी दिवस लागतात. नवा असेल तर आतल्या प्लॅस्टिकवर जैविक थर चढेपर्यंत आठवडा-दोन आठवडे तो वेड्यासारखाच वागणार. अशा यंत्राला दिवसातून दोनदा पिळणारा माणूस प्रत्यक्षात स्वतःच्याच कालच्या पिळण्याला आज उत्तर देत असतो.

नेहमीचं उदाहरण घ्या. हाताला थोडं खोबरेल लागलेलं, तशाच हाताने कुणीतरी टँकमधला दगड सरकवतं. किंवा माशांना जरा तेलकट खाणं पडतं. फेस कोसळतो. कोसळणारच, तेल फेसाचा शत्रू आहे. काही तासांनी तो आपोआप परत येतो. पण मालकाला धीर कुठला? रात्री दहाला तो वॉल्व्ह आवळून झोपतो. पहाटे फेस परत येतो, पातळी मात्र आता वर आहे, आणि सकाळी कप ओसंडून कपाटाचं प्लायवूड भिजलेलं. मग शिव्या कोणाला? स्किमर बनवणाऱ्या कंपनीला!

बरं, त्या काळ्या मालाचं एवढं कौतुक तरी कशाला? पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९-१० मध्ये स्किमर चक्क मोजून पाहिले. वेगवेगळ्या बनावटीचे स्किमर पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३५ टक्केच काढू शकले, आणि त्यांच्यातला फरक त्यांच्या किमतींतल्या फरकाच्या मानाने किरकोळ होता. एका टँकच्या स्किमरमधल्या मालाचं पृथक्करण केलं, तर त्यातल्या घन पदार्थाचा मोठा भाग कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे कार्बोनेट आणि सिलिका निघाला. म्हणजे ज्याचा रंग पाहून आपण छाती फुगवतो, त्यातला बराचसा ऐवज 'प्रोटीन' नव्हेच.

आणखी एक गैरसमज. नायट्रेट वाढलं की वॉल्व्ह आवळायचा. अहो, नायट्रेट आणि फॉस्फेट विरघळलेले क्षार आहेत, ते बुडबुड्याला चिकटत नाहीत. स्किमर काढतो तो त्यांच्या आधीचा कच्चा माल, तोही थोडा. नायट्रेट कमी हवं असेल तर खाणं कमी टाका, पाणी बदला. पण त्यात मेहनत आहे, वॉल्व्ह हाताशी आहे.

आता मुख्य नुकसान. काहीही करून कप भरायचाच, म्हणून पातळी वर ठेवली की पातळ, चहाच्या रंगाचं पाणी निघतं. ते खारं पाणी असतं. समजा टँक आणि संप मिळून २०० लिटर पाणी आहे आणि रोज एक लिटर असं बाहेर पडतंय. संपात पाणी कमी झालं की ऑटो टॉप-ऑफ बिचारा त्याच्या अकलेप्रमाणे आरओचं गोडं पाणी ओततो. त्याला काय कळतं, वाफ झाली की कप भरला! रोज दोनशेवा हिस्सा मीठ गेलं. खारेपणा ३५ असेल तर आठवड्याने ३३.८, चार आठवड्यांनी साधारण ३०.४. प्रवाळ मिटायला लागतात, रंग उतरतो. आणि मालक काय निदान करतो? 'पाण्यात घाण वाढलीय, स्किमर कमी पडतोय.' की परत आवळला! बरं, या गड्याकडे रिफ्रॅक्टोमीटर असतो. तो डब्यात.

'मग वॉल्व्ह दिलाय कशाला?' हा प्रश्न मला नेहमी विचारतात. एकदा लावायला दिलाय. संपातलं पाणी त्या मॉडेलसाठी सांगितलेल्या उंचीवर आणा, स्किमरखाली ॲक्रिलिकचा तुकडा सरकवावा लागला तर सरकवा. फेस मानेच्या तळाशी दिसेल इतपत वॉल्व्ह ठेवा आणि दोन आठवडे विसरा. नंतर अगदीच गरज वाटली तर केसभर फिरवा आणि दोन दिवस थांबा. आठवड्याला मान आतून पुसा, कारण तिथला चिकट थरच फेस अडवतो. हवेच्या नळीच्या तोंडाशी मिठाचे खडे साचतात, ते कोमट पाण्याने काढा. फेस कमी झाल्याच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असा माझा अनुभव आहे.

स्किमर बिघडला असं वाटायला लावणारी गोष्ट बहुतेक वेळा संपातली पातळी असते. एप्रिलमध्ये पाणी भराभर उडतं, टॉप-ऑफ नसेल तर पातळी उतरते, फेस उतरतो. लाइट गेली की वरच्या टँकमधलं थोडं पाणी खाली संपात येतं. लाइट आल्यावर स्किमर त्या चढलेल्या पाण्यात सुरू होतो आणि ओसंडतो. पुण्यात गुरुवारी दुपारी लाइट गेली नाही तर चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, तेव्हा हे होणारच. त्यावर इलाज म्हणजे स्किमरच्या प्लगला दहा मिनिटांचा डिले टायमर, म्हणजे रिटर्न पंप आधी पाणी वर उचलतो. हा टायमर मी आतापर्यंत तिघांना सुचवलाय. तिघांनीही मोठा स्किमर घेतला.